पांढऱ्या धामणीची कैफियत

मी एक जुनी धामण आहे. मित्रांनो, धामण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिवळसर तपकिरी, शेपटीकडे काळे पट्टे असलेला लांबलचक साप येईल. मी तशी नव्हते. नेवाशाजवळच्या एका शाळेच्या पडक्या कुंपणाखाली आम्ही नऊ भावंडं अंड्यांतून बाहेर आलो. आठ जण मातीच्या रंगाचे आणि मी एकटी सोललेल्या लसणासारखी पांढरी, डोळे गुंजेसारखे लाल. विज्ञान शिकवणाऱ्या मार्थाबाईंनी आठांना बांधावर सोडलं. मला मात्र ठेवून घेतलं, कारण मोकळ्या रानात मी घारीला कोसावरून दिसले असते.

जाळीच्या पेटीत मी वाढले. पाहायला येणारा प्रत्येक जण मला नवं नाव ठेवून जाई. कुणी म्हणे नागीण, कुणी म्हणे पुरलेल्या धनावरची शंभर वर्षांची राखणदार. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हेही माझ्या तोंडावरच सांगत. मी जन्मात दुधाला तोंड लावलं नाही. उंदरांवरच माझं भागत होतं. मार्थाबाई मला हातावर घेऊन नाकपुडी आणि डोळा यांच्यामधली तीन बारकी खवलं दाखवत. ती नागाला नसतात, म्हणून रंग बघू नका, खवलं बघा, असं त्या मुलांना बजावत. सापाला कान नसतात, असंही शिकवत. ते मी रोज ऐकत असे.

पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. मुलांना शिजवून घालायला शाळेत मिलोची, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीची पोती येऊ लागली आणि पोत्यांमागे उंदीर. बाई मला सकाळी कोठीच्या खोलीत सोडत. तास संपला की येऊन पोत्यावर बोटांनी टकटक करत आणि मी त्यांच्या हातावर चढे. ते दिवस सुखाचे होते. कामाचं कौतुक कुणाला नको असतं?

एके सकाळी पोत्यांमागे आणखी कुणीतरी आलं होतं. घोणस. जाडजूड, मातकट, पाठीवर साखळीसारखे ठिपके. मी अंग चोरून लांब राहिले. तेवढ्यात मिलो शिजवणारी लंकाबाई आली आणि पोतं ओढायला तिने मागे हात घातला. घोणशीने तो धरला. लंकाबाई किंचाळली, मी घाबरून तिच्या पायांवरून सरपटत गेले आणि घोणस भिंतीलगत आत सरकली. लंकाबाईला दिसले ती फक्त मी.

माणसं जमली. तिचा नवरा पुंजाराम धान्याचा ट्रक चालवी. ट्रक अंगणातच उभा होता. म्हाताऱ्यांनी रिवाजाप्रमाणे लंकाबाईच्या तोंडात कडुनिंबाचा पाला दिला. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर नाही, अशी त्यांची समजूत. पाला कडू लागला. मार्थाबाई धावत आल्या. पांढरा साप, एवढं ऐकताच त्यांचा जीव भांड्यात पडला. ती माझी धामण आहे, तिला विष नसतं, माझ्या जबाबदारीवर सांगते, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. पाला आणि पुस्तक यांचं त्या गावात पहिल्यांदाच एकमत झालं आणि तेही चुकीचं. मी पोत्याआडून सगळं पाहत होते. मला बोलता येत नव्हतं, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

लंकाबाई ओट्यावर बसून राहिली. हाताला बांधलेलं फडकं रक्ताने भिजलं. दुसरं बांधलं, तेही भिजलं. मनगट फुगून बांगड्या रुतायला लागल्या. तेव्हा बाईंनी फडकं सोडून जखम नीट पाहिली. धामण चावली तर बारीक दातांची रांग उमटते. इथे दोनच खोल भोकं होती. बाईंचा चेहरा उतरला. आपण साप ओळखला, पण चावा बघितलाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"पुंजाराम, माझं चुकलं. हा विषारी चावा आहे. ट्रक काढा, नगरच्या दवाखान्यात न्यायला हवं."

पुंजाराम उठला, पण ट्रककडे गेला नाही. मघाशी बाई विष नाही म्हणाल्या, आता आहे म्हणतात, म्हणजे पाळलेल्या जनावरासाठी त्या इतका वेळ खोटं बोलल्या, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

"आदी ती पांढरी मेली पायजे," तो म्हणाला. "जित्ती ठिवली तर डूख धरती, मंग दवाखाना काय करनार? ती मेल्याबिगर मी चाक हलवनार न्हाई."

बाईंनी समजावलं. पोत्यांमागे दुसरा साप असेल म्हणून सांगितलं, हात जोडले. तेवढ्यात लंकाबाईला उलटी झाली आणि तिच्या हिरड्यांतून रक्त दिसू लागलं. नगर काही जवळ नव्हतं. बाई कोठीत आल्या. त्यांनी पोत्यावर टकटक केली.

मी गेले. रोज जात होते, तशीच गेले. त्यांचा तळवा गार पडला होता. त्यांनी मला अंगणात नेलं आणि पुंजारामच्या पायांशी ठेवलं. मला राग आला, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? पण काठी पडली त्याच्या पाठोपाठ ट्रक सुरू झाल्याचा आवाजही मी ऐकला.

लंकाबाई पंधरा दिवसांनी परत आली. मधल्या काळात पोती हलवताना घोणस सापडली होती आणि पुंजाराम शाळेकडे फिरकेनासा झाला होता. मी तोवर काचेच्या बरणीत, औषधाच्या पाण्यात, विज्ञानाच्या कपाटात जाऊन बसले होते. आजही तिथेच आहे. शेजारच्या बरण्यांतल्या सापांचे रंगही आता उडालेत. आमच्यात कुणाला फरक दिसत नाही.

लंकाबाई दुखरा हात पदराखाली धरून कपाटासमोर उभी राहिली.

"बाई, हिनं मला चावलं न्हाई," ती म्हणाली. "मीच हिचा जीव घेतला."

"तुम्ही नाही, लंकाबाई," मार्थाबाई म्हणाल्या. "मी बोलावलं आणि ती आली."

मित्रांनो, साप दिसला तर नुसत्या रंगावरून त्याची जात ठरवू नका आणि जात कळली म्हणून पुढचं बघायचं थांबवू नका. चावलेल्या माणसाला पाला चघळत बसवू नका, आधी दवाखाना गाठा. एवढं सांभाळलंत, तर माझ्यासारखीला कुणी बोलावलं की निर्धास्तपणे जाता येईल.