मिरवणुकीच्या पुढची बोट

“एक नंबर, कंट्रोल बोलतंय. थोडं उजवीकडे या.”

तिने बटण सोडलं. स्पीकरमधून आधी बँडचा ढोल आला, मग तिच्या वडिलांचा आवाज.

“एक नंबर. मी बरोबर आहे.”

“आहेतच ते बरोबर,” फोनजवळ बसलेले मामा म्हणाले. “जन्मापासून बरोबर आहेत. तुझ्या आईला विचार.”

मामा तिचे मामा नव्हते. ते सगळ्या बंदराचे मामा होते. कंट्रोल रूममध्ये फोन घेता घेता म्हातारे झाले होते आणि ड्यूटीवर शेंगदाणे खायची परवानगी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. एरवी ती त्यांच्या बोलण्याला हसायची. आज तिची नजर रडारच्या पडद्यावरून हलत नव्हती.

पडद्यावर ठिपक्यांची एक लांबलचक माळ होती. खिडकीतून तीच माळ रंगीत दिसत होती. बंदराच्या वर्धापनदिनाची मिरवणूक पाण्यावर तरंगणाऱ्या शेवटच्या बोयाला वळसा घालून परत निघाली होती. प्रत्येक बोट दिव्यांनी नखशिखान्त सजलेली, प्रत्येकीवर लहान पोरांना कडेवर घेतलेली माणसं. मोठी जहाजं बाहेर नांगर टाकून थांबवली होती. सूर्य बुडाला होता, पण आकाशात अजून उजेड होता आणि पाणी मात्र आधीच काळं झालं होतं. बोटवाल्यांना सगळ्यात नकोशी वेळ.

मिरवणुकीत बोटींना नावं नसतात, नंबर असतात. एक नंबरने वाट धरायची आणि बाकीच्यांनी पुढच्या बोटीचं बूड सोडायचं नाही, हा नियम. इतके रंगीबेरंगी दिवे पेटलेले असताना कोणता दिवा रस्त्याचा आणि कोणता हौसेचा हे मागच्यांना कळत नाही. म्हणून पुढे असा माणूस लागतो, ज्याच्यामागे बाकीच्यांनी डोळे मिटून यावं. तो माणूस तिच्या आठवणीत कधी बदललाच नव्हता. बंदरात तिच्या वडिलांना सगळे तात्या म्हणत.

तिला इथे नोकरी लागली तेव्हा तात्यांनी एकच गोष्ट बजावली होती. “त्या खुर्चीत बसलीस की मी तुझा बाप नाही. मी एक बोट आहे. बाबा म्हणून हाक मारलीस तर ओ देणार नाही.” आणि त्यांनी शब्द पाळला होता. घरी ‘ए पोरी’ म्हणणारा माणूस वायरलेसवर तिला ‘कंट्रोल, तुम्ही’ म्हणायचा.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पहिला ठिपका आणखी डावीकडे सरकला होता. फार नाही. दुसरं कुणी असतं तर तिने एवढ्यात दोनदा झापलं असतं.

मध्यंतरी एका रविवारी ती माहेरी गेली होती. तात्या स्वतः चहा ओतत होते. किटली कपावर धरली असं त्यांना वाटत होतं. चहा बशीच्याही बाहेर, टेबलावर पडत होता. आईने काही न बोलता पटकन कप सरकवून धारेखाली आणला, इतक्या सफाईने की हे ती रोज करत असणार. तात्या वर्तमानपत्राबद्दल काहीतरी बोलतच राहिले.

स्वयंपाकघरात तिने आईला गाठलं.

“डॉक्टरकडे गेला होतात?”

“जाऊन आलो. थेंब दिलेत.”

“थेंब दिलेत ते कळलं. म्हणाले काय?”

आईने नळ मोठा केला. “बाजूचं दिसत नाही म्हणाले. आणि अंधार पडला की बारीक उजेड दिसत नाही. भडक असलं तर दिसतं.”

“आई, ते बोट चालवतात!”

“मग मला काय वाटतं, विमान चालवतात?” आई उसळली आणि लगेच आवाज खाली आणला. “हे बघ, एवढी यंदाची मिरवणूक होऊ दे. पुढच्या दिवशी मीच किल्ली लपवते. पण आत्ता, सगळ्यांदेखत, तू नको गं. तुझ्या तोंडून नको.”

तिने तोंडाला कुलूप घातलं. मिरवणुकीच्या बैठकीत बंदर अधिकाऱ्यांनी विचारलं, “एक नंबर नेहमीप्रमाणे?” तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, कारण नंबर तीच लावायची. समोर तात्या इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

“नेहमीप्रमाणे,” ती म्हणाली.

“म्हणजे आम्ही जन्मभर दोन नंबरच का?” मागून भोंगा ओरडला. त्या बोटवाल्याचं हे नाव त्याच्या गळ्यामुळे पडलं होतं. तो कुजबुजला तरी पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जायचं.

“तुझा आवाज असतोच की पुढे,” तात्या म्हणाले. “बोट राहू दे मागे.”

सगळे हसले, तीही हसली. मनाशी तिने हिशेब केला होता: जाताना उजेड असतो, येताना तेवढी संधिप्रकाशाची वेळ काढायची. आणि बंदरात जो तो म्हणायचा की तात्या डोळे बांधूनही बोट आणतील. कौतुकाने म्हटलेलं ते वाक्य तिने सोयीसाठी खरं मानलं.

“ते काय पेटलंय गं?” फोनजवळून मामांनी खिडकीकडे बोट केलं.

किनाऱ्यावर, येणाऱ्या बोटींच्या डाव्या हाताला, टेकाडावर नवं हॉटेल झालं होतं. त्याच्या गच्चीवर एक पांढरा झोत लागला होता आणि गच्चीच्या वर, पाण्याच्या टाकीवर, दुसरा. एक खाली, एक वर.



बंदरात शिरायची वाट दोन पांढऱ्या दिव्यांवर चालते. एक धक्क्याच्या टोकाला, दुसरा त्याच्या मागे टेकडीवर. समुद्रावरून येताना ते दोन दिवे एकावर एक दिसले की बोट वाटेच्या मधोमध. तात्यांच्या केबिनमध्ये बोटीच्या मालकाने पडदा बसवून दिला होता, त्यावर सगळा नकाशा दिसायचा. तात्या त्यावर टोपी अडकवायचे. “दोन दिवे आहेत ना? मग टीव्ही कशाला?”

ते दोन जुने दिवे आज रोषणाईच्या गर्दीत फिके पडले होते. तिला स्वतःला शोधावे लागत होते. आणि हॉटेलचे दोन झोत भडक होते.

“मामा, हॉटेलला फोन करा. ते दोन दिवे आत्ताच्या आत्ता बंद करायला सांगा. पांढरे लावू नका म्हणून सांगितलं होतं त्यांना.”

वाटेच्या डावीकडे जुना दगडी बांध होता. ओहोटीला त्याच्यावर पक्षी बसायचे. भरतीला तो पाण्याखाली जायचा, पण बोटीचं बूड फाडण्याइतकाच खाली. आता पूर्ण भरती होती.

“एक नंबर, कंट्रोल. तुम्ही डावीकडे चाललाय. बांधाच्या बाजूला. उजवीकडे वळा.”

ढोल. मग तात्या, जरा तिरसटपणे. “कंट्रोल, दिवे समोर आहेत. एकावर एक. तुमचं मशीन तपासा.”

“ते दिवे हॉटेलचे आहेत. आपले नाहीत.”

“आपले दिवे मला ओळखायला येतात. तुमच्या जन्माच्या आधीपासून येतात.”

वायरलेसवर कुणीतरी खुदकन हसलं. प्रत्येक बोटीवर हे ऐकू जात होतं.

“मॅनेजर म्हणतो, पाहुणे फोटो काढतायत, पाच मिनिटं द्या,” मामा फोनवर हात ठेवून म्हणाले.

गस्तीची बोट मिरवणुकीच्या शेपटाकडे होती. मधे घुसलेल्या एका खासगी मोटरबोटीला हाकलत होती. ती पुढे येईपर्यंत काही उरलं नसतं. तात्यांचा खलाशी मागच्या बाजूला पाहुण्यांना आणि बँडवाल्यांना सांभाळत असणार, नेहमीसारखा. समोर पाहणारं त्या बोटीवर एकच माणूस होतं. आणि पहिल्या ठिपक्याच्या मागे दुसरा, तिसरा, सगळी माळ, शहाण्या पोरांसारखी डावीकडे वळत होती.

बाबा, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“सर्व बोटी, कंट्रोल. सगळे वेग कमी करा. एक नंबरच्या मागे जाऊ नका. पुन्हा सांगते, एक नंबरच्या मागे जाऊ नका. दोन नंबर, तुम्ही उजवीकडे वळून वाट धरा. मिरवणूक आता दोन नंबरच्या मागे येईल.”

मग भोंग्याचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदाच हळू. “दोन नंबर. उजवीकडे वळतो. मिरवणूक माझ्या मागे.”

“एक नंबर,” ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो दुसऱ्या कुणाचा वाटला. “हा कंट्रोलचा हुकूम आहे. इंजिन मागे घ्या. आत्ता.”

स्पीकरमधून नुसता ढोल वाजत राहिला. मामांच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. ठिपका पुढे सरकला, आणखी थोडा सरकला. ती खुर्चीतून उठून कधी उभी राहिली, तिला कळलं नाही.

मग ढोल थांबला. खिडकीतून दिसलं: पुढची झगमगती बोट कचकन अडली, तिच्या मागे पांढरा फेस उसळला आणि ती कुणीतरी दोरीने ओढल्यासारखी मागे आली. तिच्यापुढे, हाकेच्या अंतरावर, काळ्या पाण्यात एके ठिकाणी लाट उगाचच फुटत होती.

“एक नंबर. थांबलोय,” तात्या म्हणाले.

उजवीकडून भोंग्याची बोट पुढे गेली. तिच्या मागे तीन नंबर, चार नंबर. लोक हात हलवत होते. काय झालं हे त्यांना कळलंच नव्हतं.

“एक नंबर, दोन नंबर बोलतोय,” भोंगा म्हणाला. “काय तात्या, इंजिनाने दगा दिला वाटतं? मी परवाच म्हणालो होतो, त्याचा आवाज बरा येत नाही.”

परवा तो असं काही म्हणाला नव्हता. ते सगळ्या बोटवाल्यांना माहीत होतं आणि तिलाही. वायरलेसवर ती पळवाट उघडी ठेवून सगळे गप्प बसले. तात्यांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. इंजिन बिघडलं, एवढंच बंदराला आठवलं असतं. तिने मनातल्या मनात त्यांना विनवलं, म्हणा.

“इंजिन ठणठणीत आहे,” तात्या म्हणाले. “मला दिवे दिसत नाहीत.”

तिने बटणावर बोट ठेवलं, पण तात्या पुढे बोलतच होते.

“कंट्रोल, माझ्या बोटीवर पोरं आहेत. मला धक्क्यापर्यंत घ्या. तुम्ही सांगाल तसं चालवतो.”

ती खाली बसली. “एक नंबर, आधी आणखी थोडं मागे या.”

“आणखी थोडं मागे.”

“आता उजवीकडे वळा. अजून. अजून. बस. सरळ.”

“सरळ.”

वायरलेसवर सांगितलेला शब्द ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा असतो. तात्यांनी आजवर ते कधी नीट केलं नव्हतं. त्यांचं ‘बरं’ सगळ्यांना चालायचं. आता ते शाळेतल्या मुलासारखे शब्द न् शब्द म्हणून दाखवत होते. थोडं डावीकडे, थोडं डावीकडे. वेग कमी, वेग कमी. सगळी मिरवणूक निघून गेल्यावर मोकळ्या वाटेवरून ती एकटी बोट सावकाश येत होती. तिची रोषणाई सगळ्यांत सुंदर होती. आईने आठवडाभर बसून तारा जोडल्या होत्या.

बोट धक्क्याला टेकली तेव्हा बंदर अधिकारी तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते. ते केव्हा आले हे तिला समजलं नव्हतं.

“छान सांभाळलंस,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “तुला माहीत होतं?”

मामा फोनशी उगाच चाळा करू लागले.

“होतं,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. “उद्या सकाळी ये माझ्याकडे,” एवढंच म्हणून ते जिना उतरून गेले.

“जा ना खाली,” मामा म्हणाले. “मी बसतो इथे थोडा वेळ.”

“बाहेर दोन जहाजं खोळंबलीत, मामा. त्यांना आत घ्यायचंय.”

“घेऊ की नंतर. पळून जातायत का?”

ती उठली, पण दाराकडे न जाता खिडकीशी गेली. धक्क्यावर गर्दी होती. बँडवाले वाद्यं उतरवत होते. पाहुण्यांपैकी एका बाईने तात्यांचे आभार मानले असावेत. त्यांनी टोपी काढून मान लववली. मग ते निघाले. खलाशाने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही, पण डावा हात कठड्यावर ठेवला आणि तो न उचलता, सरकवत सरकवत, चालत राहिले. समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होत होती.

भोंगा आपल्या बोटीवरून उडी मारून त्यांच्या दिशेने चार पावलं आला. मग थांबला आणि त्यांना जाऊ दिलं.

कंट्रोल रूमच्या इमारतीखाली तात्या उभे राहिले. त्यांनी मान वर केली. ती काचेला अगदी चिकटून उभी होती, पण खोलीतले दिवे रडारचा पडदा नीट दिसावा म्हणून मंद केलेले होते. खालच्या मजल्यावर कँटीनच्या ट्यूबलाइट लख्ख पेटल्या होत्या.

तात्यांनी त्या उजेडाकडे पाहून हात वर केला. बराच वेळ धरला. कँटीनमध्ये कुणी नव्हतं.

वर, अंधाऱ्या काचेआड, तिनेही हात वर केला. मग मागे वळून ती खुर्चीत बसली आणि बाहेर थांबलेल्या पहिल्या जहाजाला तिने आत यायला सांगितलं.