दुसरं पाकीट

राजवर्धननं स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर ओढल्या, नीट बसवलेले केस हातानं विस्कटले आणि आईच्या खोलीचं दार पायानं ढकलायला तो पुढे झाला. दार पायानं ढकलायची खोड त्याची नव्हे. ती त्याच्या थोरल्या भावाची, समरजीतची. आणि समरजीत जाऊन आता चाळीस वर्षं होत आली होती.

पॅसेजमध्ये ताट घेऊन उभ्या असलेल्या गरिमानं नवऱ्याला अडवून पाहिलं.

"अहो, आज तरी राहू द्या. कालच तुमचा डिस्चार्ज झालाय. डॉक्टर बोलले ना, आराम करायचा म्हणून?"

"ती जेवली का?"

"सकाळपासून काहीच नाही. बस, एकच रट लावलीय. समरला बोलाव, समरला बोलाव."

"मग?"

गरिमानं ताट त्याच्या हातात दिलं. "तुम्ही हे नाटक करता ना, मला बघवत नाही," ती म्हणाली. "मुझे डर लगता है, सच में."

नाटकाला सुरुवात झाली ती भाद्रपदात, पितृपंधरवड्यात. सुधाताई ऐंशीच्या घरात होत्या आणि वर्षभर त्यांची आठवण पाहुण्यासारखी येऊन-जाऊन होती. एका सकाळी चहा घेऊन आलेल्या राजवर्धनकडे त्यांनी टक लावून पाहिलं आणि विचारलं, "समर, तू आलास?" तो म्हणाला, "अगं आई, मी राजू." त्यावर त्यांनी जे तोंड फिरवलं, ते दोन दिवस त्या अन्नाला शिवल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, हो ला हो म्हणा. तिसऱ्या दिवशी राजवर्धननं हो ला हो म्हटलं आणि त्या जेवल्या. मग ते रोजचंच होऊन बसलं.

खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी वाटू लागली होती. पन्नाशीचा माणूस, पडाव भागात ट्रान्सपोर्टचं ऑफिस, रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी. आणि घरी येऊन चौदा वर्षांच्या पोराचा तोरा मिरवायचा! समरजीत शाळेच्या हॉकी संघात सेंटर फॉरवर्ड होता. मुरारच्या मैदानावरून गुडघे फोडून घेऊन यायचा, बूट न काढता स्वयंपाकघरात शिरायचा, आणि तरी त्याला कोणी काही बोलत नसे. राजू म्हणजे त्याच्यामागून स्टिक सांभाळत चालणारा. आता दादाचा तो बेफिकीर आवाज राजवर्धनच्या घशातून असा काही सहज निघायचा, की आपल्या आत तो इतकी वर्षं कुठे दडून बसला होता याचं त्याचं त्यालाच नवल वाटे. निदान रोज अर्धा तास तरी दादा घरात असायचा.

शिवाय मनात एक लबाड आशा होती. आईला दोन मुलगे होते, त्यातला एक वारला आणि दुसरा तिच्या लक्षातच राहिला नाही, असं त्याला जन्मभर वाटत आलं होतं. तिनं त्याचं सगळं केलं, डबे भरले, लग्न लावून दिलं, पण तिची नजर नेहमी त्याच्या खांद्यावरून पलीकडे, दुसऱ्याच कोणाकडे. समर म्हणून का होईना, एकदा तिनं जवळ घ्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं. ते मात्र अजून घडलं नव्हतं. सुधाताई त्याला दुरूनच बसायला सांगायच्या, खिडकीच्या विरुद्ध बाजूला, दक्षिणेकडे तोंड करून. आणि रोज न चुकता दहीभात. समरजीत दहीभात बघून नाक मुरडायचा. म्हातारपणी आठवणींची खिचडी व्हायचीच, अशी राजवर्धन स्वतःची समजूत घाली.

मागच्या आठवड्यात मध्येच त्याच्या छातीत कळ आली. त्याला दवाखान्यात हलवलं, स्टेंट घातला. सुधाताईंना सांगितलं की राजू झाशीला गेलाय.

त्यानं पायानं दार ढकललं.

"आई, भूक लागली."

बाहेर जानेवारीचं धुकं दुपार झाली तरी उठलं नव्हतं. गोरखी वाड्यामागच्या त्या गल्लीत समोरच्या घराची खिडकीदेखील नीट दिसत नव्हती. सुधाताई पलंगावर शाल घेऊन ताठ बसल्या होत्या, परीक्षेला बसावं तशा. त्यांच्या मांडीवर एक छोटं पाकीट होतं.

राजवर्धनला ते ओळखायला क्षणही लागला नाही. मेणकागदाचं, निळं-पिवळं, कडांना पांढुरकं पडलेलं. वर हेल्मेट घातलेला, स्टिक उगारलेला एक गोरा खेळाडू.

जयसिंहमामांनी कॅनडाहून ती पाकिटं पाठवली होती. भाचा हॉकी खेळतो एवढं त्यांना ठाऊक होतं आणि तिथे हॉकीची चित्रं पाकिटातून विकत मिळत. ती हॉकी बर्फावर खेळतात, हे सांगायचं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. पाकिटं दोन होती. समरजीतनं एक तिथल्या तिथे फाडलं. आतली कार्डं बघून दोघं चक्रावले. बर्फावर हॉकी? मग चेंडू गोठत नाही का? पुढचे दात नसलेले ते दांडगे गडी बघून समरजीत खूश झाला आणि म्हणाला, दुसरंही माझंच, मामांनी हॉकी खेळणाऱ्याला पाठवलंय, तुला स्टिक तरी धरता येते का? राजू रडू लागला. तेव्हा आईनं ते दुसरं पाकीट उचललं, "हे मी ठेवते," म्हणाली आणि कपाटाला कुलूप घातलं.

त्याच आठवड्यात समरजीतला ताप चढला. मेंदूज्वर. राजूला मावशीकडे मुरारला धाडलं, आणि त्याला परत आणलं तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. समरजीतची कार्डं आबांनी, म्हणजे वडिलांनी, त्याच्यासोबतच चितेवर ठेवली, असं त्याला नंतर कळलं.

तेराव्यानंतर कधीतरी कपाट उघडं दिसलं म्हणून राजूनं त्या दुसऱ्या पाकिटाला हात लावला. आईनं मागून येऊन अशी सणसणीत थोबाडीत मारली की कान दोन दिवस वाजत होता. तिनं त्याच्यावर हात उगारला तो तेवढाच. हे दादाचं आहे, एवढं त्याला त्यातून कळलं. त्यानंतर त्यानं आईकडे आपणहून काही मागितलं नाही.

"बस," सुधाताई म्हणाल्या. "आधी जेव."

तो नेहमीच्या जागी बसला आणि दहीभात खाऊ लागला. त्या एकेक घास मोजल्यासारख्या बघत होत्या. ताट रिकामं झाल्यावर त्यांनी पाकीट गादीवर ठेवलं आणि बोटाच्या टोकानं त्याच्याकडे सरकवलं.

"उघड."

हात स्वेटरला पुसून त्यानं पाकीट उचललं. ते किती हलकं होतं!

"माझ्यासाठी ठेवलं होतंस?" समरजीतच्या आवाजात तो म्हणाला. उत्तर माहीत असूनही त्याला ते ऐकायचं होतं. दुखरा दात जिभेनं चाचपावा तसं.

"नाही," सुधाताई म्हणाल्या. "ते राजूचं आहे. एक तुझं, एक त्याचं. मी तेव्हाही हेच सांगितलं होतं तुला."

पाकीट त्याच्या हातात तसंच राहिलं. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मग त्याला का नाही दिलंस?"

हा प्रश्न मात्र समरजीतच्या आवाजात निघाला नाही. सुधाताईंना फरक कळला नाही, किंवा कळला असेल तर त्यांनी दाखवलं नाही. त्या खिडकीतल्या धुक्याकडे बघत बोलत होत्या, संथपणे, गेले चार महिने कधी बोलल्या नव्हत्या इतक्या सरळ.

"कसं देणार? तापात तू दुसरं काही मागितलंस का? पाणी नको, औषध नको. राजूचं पाकीट दे, राजूचं पाकीट दे. शेवटपर्यंत तेच. हे म्हणाले, अगं दे त्याला. मी नाही दिलं. म्हटलं, नेहमी याचंच का? लहान्याच्या वाट्याला कधी काही येऊच नये का? बरा हो, मग दोघं बसून उघडा. आणि तू गेलास."

"आई..."

"इच्छा राहिली तुझी. मला ठाऊक होतं, तू मागायला येशील. राजूनं एकदा हात लावला त्याला, तर मी मारलं त्याला. केवढासा जीव तो! त्याच्या हातात ते दिसलं असतं तर तू त्यालाच धरलं असतंस ना? म्हणून मी ते कधी उघडू दिलं नाही. त्यालाही नाही आणि तुलाही नाही."

राजवर्धन हलला नाही. दक्षिणेकडे तोंड करून बसलेला, पुढ्यात दहीभाताचं रिकामं ताट. आपल्याला इथे रोज का बसवलं जातं आणि रोज काय वाढलं जातं, ते त्याला आत्ता उमगलं. आई विसरली नव्हती. समर मेलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती रोज मेलेल्या मुलाला जेवू घालत होती, लांबून, भीत भीत, त्यानं जिवंत मुलाकडे वळू नये म्हणून.

"पितरांच्या दिवसांत आलास," त्या म्हणाल्या. "मी ओळखलं, तर 'मी राजू' म्हणालास. त्याचं सोंग घेतलंस. तेव्हाच माझ्या छातीत धस्स झालं. दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली. मग म्हटलं, जेवू घालत राहू, पोट भरलं की जाईल आपला. पण आता राजू दवाखान्यात होता. मला कोणी सांगत नाही. झाशी म्हणे. कान आहेत ना मला." त्यांनी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "त्याच्या छातीवर हात ठेवलास तू."

"नाही गं, आई."

"तू लहानपणापासून खोटं बोलतोस. उघड ते. घे. दोन्ही तुझीच. तेव्हा नाही दिलं, ती माझी चूक. पण आता त्याला सोड. एकच राहिलाय माझा."

मी राजू, हे शब्द जिभेवर आले. त्याला जन्मभर जे ऐकायचं होतं ते त्याच्या पुढ्यात होतं आणि घेणारा तो नव्हता. तो तसं म्हणाला असता तर सुधाताई पुन्हा त्या सोंगालाच भ्यायल्या असत्या, पुन्हा अन्न सोडलं असतं. त्यानं अंगठ्यानं मेणकागदाची घडी उचकटली.

कागद वाळक्या पानासारखा वाजला. कार्डांबरोबर येणारी च्युइंगमची पट्टी मोडून तिचा गुलाबी चुरा झाला होता, तो त्याच्या मांडीवर सांडला. कार्डं एकमेकांना चिकटली होती. त्यानं ती नखानं हलकेच सोडवली. दांडगे, घामेजलेले, मिशीवाले गडी. कोणी बर्फावर वाकलेला, कोणी जाळीपुढे आडवा पडलेला. एकाला पुढचे दात नव्हते आणि तरी तो तोंड भरून हसत होता. दादाला हा आवडला असता. त्यानं त्याचीच नक्कल केली असती, ओठ दातांवर दुमडून.

"मिळालं?" सुधाताईंनी विचारलं.

"मिळालं."

"मन भरलं?"

याचं उत्तर कोणी कोणाच्या वतीनं द्यायचं? राजवर्धननं कार्डं एकत्र केली आणि दादाच्या त्या आवाजात, जमेल तितक्या बेफिकिरीनं, तो म्हणाला, "भरलं."

सुधाताईंनी हात पुढे केला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. सुरकुतलेला हात त्याच्या गालावर टेकला, कानामागे गेला, विस्कटलेल्या केसांतून फिरला. "किती वाळलास रे," त्या पुटपुटल्या. मग त्यांनी हात मागे घेतला.

तो उठला. तोंडातून सवयीनं निघालं, "येतो, आई."

"नाही. येतो नाही." त्यांचा आवाज चिरका झाला. "जातो म्हण."

त्यांच्या घरात हा शब्द कोणाला काढू देत नसत. समरजीत एकदा सामन्याला निघताना बोलून गेला होता तर आईनं त्याला परत बसवून, पाणी पाजून, मग सोडलं होतं. राजवर्धन दारात थांबला.

"जातो, आई," तो म्हणाला.

पॅसेजमध्ये येऊन तो भिंतीला टेकला. गरिमा पुढे आली, त्याच्या चेहऱ्याकडे बघून घाबरली. "दुखतंय का छातीत? डॉक्टरला फोन करू?" त्यानं मान हलवली. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याचा त्याला भरवसा नव्हता.

आतून हाक आली.

"राजू!"

भाद्रपदापासून त्या नावानं या घरात त्याला त्यांनी बोलावलं नव्हतं. त्यानं ओ दिली, आपल्या साध्या, जाडसर आवाजात, आणि आत गेला. सुधाताई पलंगाच्या कडेला सरकून आल्या होत्या. त्यांनी त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं, मनगट धरून शेजारी बसवलं आणि दाराकडे बघत हलक्या आवाजात विचारलं,

"तो गेला का रे?"

राजवर्धननं वळून पाहिलं. दारात गरिमा होती, बाकी कोणी नव्हतं.

"गेला," तो म्हणाला.

सुधाताईंनी मान डोलावली. मग त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि घरात आत्ताच मयत झाल्यासारख्या, मोठ्यानं, समरचं नाव घेऊन रडू लागल्या.