अम्मच्चीच्या मयताचा आगाऊ फोटो

आमच्या केरळातल्या चंगनाश्शेरीत माणूस जिवंत असताना त्याच्याशेजारी कुणी दोन मिनिटं बसत नाही. मेला की मात्र शवपेटीभोवती नात्याच्या क्रमानं उभं राहून फोटो काढायला विमानं करून येतात. मी लोनप्पन. हेच फोटो काढून पोट भरतो, त्यामुळे ही जात मला चांगली ठाऊक आहे.

अम्मच्ची म्हणजे आई; गावातल्या म्हाताऱ्यांनाही आम्ही तेच म्हणतो. त्रेस्या अम्मच्चीचं यकृत कॅन्सरनं खाल्लं होतं. मुलगी रोसिली तिचं हगणं-मुतणं काढत होती, आणि थोरला कुरियन अमेरिकेतून मला फोन करत होता.

"लोनप्पा, आईचे फोटो काढून पाठवत जा. घरातलं रोजचं, साधंसुधं. आठवण राहील."

"आठवण कसली, तू ये की!"

"रजा नाही रे. आमची कंपनी आई मेल्यावर रजा देते, मरताना देत नाही."

मी फोटो काढू लागलो. पण म्हातारी आजारी दिसायला तयार होईना. आमच्या ख्रिस्ती म्हाताऱ्यांचा पांढरा पोशाख, चट्टा-मुंडू, नेसायची, कानांत सोनं घालायची आणि मला दम द्यायची, "लोनप्पा, गळ्याच्या सुरकुत्या आल्या तर कॅमेरा विहिरीत टाकीन." फोटो बघून कुरियन खूश. "ती तर ठणठणीत आहे! नाताळात बघू."

नाताळपर्यंत ती राहणार नव्हती. तिलाही ते माहीत होतं.

"त्याला बघायचंय रे मला," ती एकदाच म्हणाली. मग रजेचा नियम तिनं मला पुन्हा सांगायला लावला, नीट ऐकला आणि म्हणाली, "मेल्यावर देतात ना? मग देऊ त्याला. रोसिली, मेणबत्त्या आण."

पांढरी चादर, उशाशी क्रूस, हातात जपमाळ. म्हातारी डोळे मिटून अशी पडली की मीच नकळत क्रूसाची खूण केली. तेवढ्यात शेजारची अच्चाम्मा दारात आली आणि छाती पिटायला लागली, "गेली गं माझी त्रेस्या! देवमाणूस गेली!"

अम्मच्चीनं एक डोळा उघडला. "देवमाणसाची अप्पमची कढई आधी परत आण."

अच्चाम्मा उंबऱ्यातच बसली. तिला पाणी पाजून मी फोटो पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. खोटं बोलायची मला सवय नाही.

कुरियन काळा सूट घालून टॅक्सीतून उतरला. अम्मच्ची पडवीत रोसिलीच्या हातून उकडलेला कप्पा-कंद आणि मासळीचा रस्सा खात होती.

"आलास? कोट काढ, उकडेल."

"अम्मच्ची! मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडलो!"

"बरं झालं. नाहीतर तुला कुठं येतंय रडायला."

तो ओरडला, मलाही आईवरून शिव्या दिल्या, आईसमोर. मग पायरीवर बसून खरंच रडला. रजा संपेपर्यंत राहिला. तिची नखं त्यानं कापली, वेडीवाकडी, आणि तिनं त्याला गाढव म्हटलं. ते सगळं माझ्या कॅमेऱ्यात आहे. सुरकुत्यांसकट. या वेळी तिनं अडवलं नाही.

तो परत गेला आणि ओणमच्या आधी ती गेली. कंपनीनं सांगितलं, आई एक, रजा एक. कुरियन मयताला आला तो जावयाच्या, म्हणजे रोसिलीच्या नवऱ्याच्या, हातातल्या फोनमध्ये.

पेटीभोवती सगळे क्रमानं लागले. डोक्याशी कुणीच नव्हतं, जावई तेवढा फोन धरून कडेला उभा होता.

"तिथं थोरला मुलगा असतो," घरातले वडीलधारे कुंचेरियाकाका म्हणाले. "राहू दे रिकामं."

रोसिली मागे पाहुण्यांना कॉफी ओतत होती.

"रोसिली, किटली ठेव. इकडे ये, डोक्याशी," मी म्हणालो.

"मुलगी? डोक्याशी? आपल्यात असं नसतं, लोनप्पा."

"मग धरा कॅमेरा, तुम्हीच काढा."

काका मागे झाले. रोसिली पदराला हात पुसत आली आणि कुठं बघायचं ते तिला कळेना. फोनमधून कुरियन मेहुण्याला म्हणाला, "अळिया, मला जरा बाजूला धर. रोसिलीच्या तोंडावर माझी सावली पडतेय."

फोनची कसली सावली! पण जावई सरकला, आणि मी फोटो काढला.