पांढऱ्या पाट्या

सूनबाईच्या वर्गावर तपासणीला आलेल्या साहेबांनी मागेच बोट ठेवलं होतं. "पुढच्या बाकावरची मुलं तेवढी बोलतात, बाकीची नुसती बसतात. मी पुन्हा येईन. हेच दिसलं तर वर्ग बंद करून मुलं मोठ्या शाळेत पाठवू." मोठी शाळा लांब. आमच्या वस्तीतली निम्मी पोरं तिथे पोचणारच नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेव्हा सुनेने ठरवलं, प्रत्येकाच्या हातात एक पांढरी पाटी द्यायची. प्रश्न विचारला की सगळ्यांनी लिहून एकदम वर धरायचं. मग पुसायचं, पुढचा प्रश्न. वर्गात कधीच तोंड न उघडणारी एक मुलगी होती, पोरं तिला मुकी म्हणत. निदान तीसुद्धा लिहील. विकतच्या पाट्या परवडण्यातल्या नव्हत्या. न्हाणीघराच्या भिंतीला लावतात त्या चकचकीत पांढऱ्या तक्त्यांचे उरलेले तुकडे एका दुकानदाराने दिले, आणि कापायला सुतार घरातच होता.

ह्यांच्या हाताला फार दिवसांनी काम मिळालं. अंगणात करवत चालू झाली. पोरांच्या हाताला कूस टोचू नये म्हणून कडा घासल्या, कोपरे गोल केले.

"अहो, जेवायला या. पाट्या काही पळून जात नाहीत."

"तू बस गप्प. सुनेच्या वर्गात मागे बसून अक्षरं गिरवलीस ना? तुलाही एक करतोय."

"या वयात मला कोण तपासणार?"

"मी!"

सुनेने मार्कर त्या दिवसासाठी जपून ठेवले होते. त्यामुळे आधी कुणी लिहून पाहिलंच नाही.

साहेब आले. सात आणि पाच किती? सगळ्या पाट्या वर. मुकीचीही. बारा. साहेबांना बरं वाटलेलं दिसलं. "छान. पुसा."

पुसेना. फडकी झाली, थुंकी झाली, फ्रॉकची टोकं झाली. पुढचं उत्तर पोरांनी त्या बारावरच लिहिलं, त्यावर तिसरं. नुसता काळा चिखल. मुकी पाटी तशीच डोक्यावर धरून उभी होती.

"काय लिहिलंयस गं? तोंडाने सांग," साहेब म्हणाले.

ती खाली बसली.

घरी आल्यावर सुनेने पाटीवरून बोट फिरवलं. "बाबा, हिची चकाकी कुठे गेली?"

"पॉलिश पेपर मारला की!" हे खुशीत म्हणाले. "जन्मभर शाळांचे फळे केले मी. गुळगुळीत फळा खडू धरत नाही."

सुनेने खडूऐवजी वापरलेला मार्कर त्यांच्या हातात ठेवला. तिच्या तोंडाकडे बघता बघता ह्यांचा चेहरा उतरला.

वर्ग बंद झाला. मुकी आता आईबरोबर कामाला जाते. हे अंगणात बसून पाट्यांना कधी स्पिरिट चोळतात, कधी तेल. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

काल मुकी दारात आली, पाटी घेऊन.

"राहू दे गं तुझ्याकडे, तुझीच आहे ती," हे म्हणाले.

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "पुसली जात नाही, आजोबा."

पाटी उंबऱ्यावर ठेवून ती गेली.