साहेबराव पाण्यातून बाहेर आले

साहेबरावांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते आणि विसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते निघोज्याजवळच्या पोहण्याच्या टाकीत चारशे मीटर पोहणार होते.

कागदोपत्री तरी तसंच ठरलेलं होतं. बत्तीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने त्रेसष्टाव्या वर्षी कामगार ट्रायथलॉनला नाव दिलं होतं. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. "कंपनीने एवढी वर्षं पळवलं, आता जरा आपल्या मनाने पळून बघतो," म्हणाले. मुलालाही म्हणाले, "धम्मपाल, सरावाला चल की सोबत." धम्मपाल महाळुंग्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला. तो म्हणाला, "अण्णा, ओव्हरटाइम आहे." दोन महिने हेच म्हणत राहिला. मग एका मंगळवारी अण्णा सराव करून आले, आंघोळीला पाणी काढलं, मोरीच्या दारात टेकले आणि तिथेच गेले.

पुण्यानुमोदनाला अख्खी आळी जेवून गेली. धम्मपाल वाढण्यात, पाहुण्यांना स्टँडवर सोडण्यात असा गुंतला की रडायचं राहूनच गेलं. आणि मग अण्णांच्या मोबाइलवर निरोप आला. 'प्रिय साहेबराव, आपला नंबर २१७. नंबर दुसऱ्या व्यक्तीस देता येणार नाही.' धम्मपालने तिथल्या तिथे ठरवलं. अण्णांची शर्यत अडीच तासांच्या ठरलेल्या मुदतीत पुरी करायची, आणि अण्णांच्याच नावाने. नाहीतर 'ओव्हरटाइम आहे' हेच आपलं त्यांच्याशी शेवटचं बोलणं राहील, आणि ते त्याला जन्मभर पुरलं असतं.

नंबर वाटणाऱ्या मुलीने अण्णांचं आधार कार्ड पाहिलं. त्या कार्डावर कुणाचाच फोटो कुणासारखा दिसत नाही, त्यामुळे ती अडचण नव्हती.

"काका, त्रेसष्ट? काय खाता हो तुम्ही?"

"ज्वारीची भाकरी," छत्तीस वर्षांचा धम्मपाल म्हणाला. तिचा चटकन विश्वास बसला याचंच त्याला वाईट वाटलं.

माइकवर जो गडी होता, तो एरवी बैलगाडा शर्यतीत ओरडायचा. यादीत लिहिलंय म्हणजे खरं, यापलीकडे त्याला कसली शंका यायची नाही. धम्मपाल धापा टाकत टाकीबाहेर आला तसा भोंगा गरजला, "साहेबराव पाण्यातून बाहेर आले! वय वर्षं त्रेसष्ट! अरे, बघता काय पोरांनो, लाजा जरा!"

नेमकी तेव्हाच गिरजाबाई मैदानात शिरली. साहेबरावांची ही थोरली बहीण जालन्याहून आली होती. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरने रडायला सक्त मनाई केलेली, म्हणून घरच्यांनी तिला बातमीच दिली नव्हती. कालच कळलं, तशी ती हिरवा चष्मा लावून रातोरात निघाली. अण्णांचा दोस्त रमीज, गॅरेजवाला, तिला स्टँडवरून स्कूटरवर घेऊन आला होता.

"कोण भाईर आलं म्हनला त्यो?" गिरजाबाई जागच्या जागी थांबली. "एकदा माझ्याशी खोटं बोललात तुमी. आता कंचं खरं हाय? जित्ता हाय का माझा भाऊ?"

रमीजने स्कूटर पुन्हा चालू केली. "आपा, आता कसं सांगू... बसा मागं. तुम्हीच बघा."

एव्हाना धम्मपाल सायकलवर दुसऱ्या फेरीला लागला होता. सायकलही अण्णांचीच, रमीजने नवी करून दिलेली. चढाला स्कूटर त्याच्या शेजारी आली. मागे बसलेल्या आत्याने आधी नंबर पाहिला, मग सायकल, मग तोंड. तिचा चेहरा उतरला.

"तूच हायस व्हय," ती म्हणाली.

धम्मपालने आजवर ही बातमी स्वतःच्या तोंडाने कुणालाच सांगितली नव्हती. फोन मेहुण्याने केले होते, निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर गेला होता. "आत्या," पेडल मारता मारता तो म्हणाला, "अण्णा गेले गं."

"तरास झाला का रं त्याला?"

"नाही. टेकले आणि गेले."

"जेवला हुता का?"

"नाही गं."

दुखवट्याला आलेल्या माणसाने पाठीवरून हात फिरवायचा असतो. गिरजाबाईने धावत्या स्कूटरवरून हात लांब केला आणि स्वयंसेवकाने शिट्टी फुंकली. "ओ मावशी! बाहेरच्या गाडीची मदत चालणार नाही! बाद करीन काकांना!"

"अरे बाबा, मदत नाही, दुखवटा आहे!" रमीज ओरडला.

"कोण गेलं?"

"साहेबराव!"

स्वयंसेवकाने पुढे गेलेल्या २१७ कडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, आणि शिट्टी खिशात टाकून पाणी प्यायला गेला.

पळताना धम्मपालचे हाल कुत्रं खात नव्हतं. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पण दर वळणावर भोंगा ऐकू यायचा. साहेबराव दमलेत, पण हटले नाहीत! साहेबरावांनी एक गाठला! वीस दिवस या नावामागे 'कालकथित' लागत होतं. पत्रिकेवर, फ्लेक्सवर, बँकेच्या अर्जावरसुद्धा. आज कुणी ते लावत नव्हतं. त्याच नावाच्या जोरावर तो पाच किलोमीटर पळाला, आणि तीन मिनिटं राखून मैदानात शिरला.

"आले, साहेबराव आले!" माइक बेभान झाला. लोक टाळ्या पिटू लागले.

आणि शेवटच्या पट्टीच्या दोन पावलं अलीकडे धम्मपाल थांबला.

"काय झालं साहेबराव? पाय धरला का? एक मिनीट ऱ्हायलं!"

"काका, चला! काका, चला!" लोक ओरडत होते.

गिरजाबाई दोरीखालून वाकून आत आली. कुणी हटकायच्या आतच तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले. बाद व्हायची बात तिला आता कळली होती.

"का थांबलास लेकरा?"

"आत्या, ही पट्टी ओलांडली की ते अण्णांचं नाव घेणार नाहीत. मी इथेच उभा राहतो."

गिरजाबाईने त्या चुन्याच्या पट्टीकडे पाहिलं. मग नंबराकडे.

"मी त्याला लहानपनापासून बगतीय," ती म्हणाली. "जलमभर धावला. दमलाय त्यो. पोचू दे त्याला आता."

धम्मपालला रडू फुटलं, ते भर मैदानात, मोठ्याने, लहान पोरासारखं. रडत रडतच त्याने दोन पावलं टाकली. आत्या हात मागे बांधून त्याच्या बरोबरीने चालली.

"दोनशे सतरा, साहेबराव, पोचले!" माइकवाला म्हणाला. टाळ्या वाजल्या. त्याने यादीतल्या त्या नावावर काट मारली, आणि पुढचं नाव घेतलं.