पऱ्हाट्यांचा तरंगता पाट

"एक वरून, एक खालून,
मधली दोरी घे वळून;
ढिल नोको देऊ दोरीले,
झोप नाई येत म्हातारीले!"

हा आवाज चंद्रभानचा. आष्टीच्या आठवडी बाजारात, कडुनिंबाखाली बसून बाज विणताना तो गायचा आणि समोर दोरीचं भेंडोळं धरून बसलेली त्याची आठ वर्षांची लेक सपना दर ओळीला मान डोलवायची. चंद्रभान जाऊन आता बारा वर्षं झाली. बाजाही गेल्या, घरोघरी पलंग आले. पण सपनाच्या हाती सुतळी आली, की तो आवाज कानात येऊन बसायचा, वळचणीला पारवा येऊन बसतो तसा.

त्या शुक्रवारी दुपारी बोरगाव मेघेच्या सासरघरी तिची लेक रुचिका शाळेतून आली ती चपला न काढता, दप्तर न टाकता.

"आई! उद्या शाळेत घरच्यांले घेऊन जायचं हाय. तरंगणारी वस्तू बनवाची, अन् ते काऊन तरंगते हे घरच्यांनी सांगाचं. बाईंनी चित्र देलं हाय. मी तुह्यं नाव देऊन आली!"

"माह्यं काऊन दिलं? तुह्या बाबाचं द्यायचं होतं न."

"बाबाले फ्यूज बदलता येते फक्त. तू तं सायन्समधे पयली होती!"

सपनाच्या हातातली वांग्याची फोड पाण्याच्या भांड्यात पडायची ती बाहेर पडली.

झालं होतं असं, की दोन वर्षांपूर्वी भाकरी थापता थापता लेकीनं विचारलं होतं, "आई, तू सायन्समधे कशी होती?" तव्यावर भाकर करपत होती. सपना म्हणाली, "चांगली होती." तेवढंच. पण पोरीनं त्या 'चांगली'ची 'पहिली' केली, 'माझी आई' या निबंधात लिहिली, बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला आणि सपनाला ती 'पहिली' खोडता आली नाही. रोज म्हणायची, आज सांगते. रोज काहीतरी फोडणीला पडलेलं असायचं.

खरं होतं ते वेगळंच. दहावीला विज्ञानात एकोणीस मार्क. गुणपत्रिका तिनं लग्नाआधीच चुलीत घातली होती. सासरी 'दहावीपर्यंत शिकली' असं सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पुढचं कोणी विचारलं नाही. आता सहावीतली ही पोर मात्र अशा डोळ्यांनी बघत होती, जणू आई म्हणजे देवघरातली समई. त्या डोळ्यांतला उजेड आपल्या हातानं कसा विझवायचा?

"दाखव चित्र," ती म्हणाली.

बाईंनी दिलेल्या कागदावर दोन चौकटी होत्या, एक खाली, एक वर. खालच्या चौकटीचा एक हात वर गेलेला, वरच्या चौकटीचा एक हात खाली आलेला. वरचा हात खालच्या हाताला मधोमध एका आखूड दोरीनं टांगलेला. चार कोपऱ्यांना चार लांब दोऱ्या. बघणाऱ्याला वाटावं, दोऱ्यांवर पाट उभा आहे. आणि दोरी का कधी कोणाला उभं धरते?

"आइस्क्रीमच्या काड्या पाह्यजे," रुचिका म्हणाली.

"आइस्क्रीम खाल्लं कोणी? परसात पऱ्हाट्या पडल्या हायेत न ढीगभर." कापूस वेचून झाला, की वावरातून आणलेल्या त्या वाळक्या पऱ्हाट्या चुलीसाठी रचून ठेवलेल्या असत. सपनानं त्यातल्या सरळ काड्या निवडल्या, विळीवर कापल्या, कोपरे बांधले, वरच्या चौकटीवर काड्या जवळजवळ बांधून पाट केला.

शोभाबाई, तिच्या सासूबाई, तांदूळ निवडता निवडता सगळं बघत होत्या. "काय करून राह्यल्या वो मायलेकी?"

"पाट तरंगवून राह्यलो, आजी!"

"तरंगव, तरंगव. मंग चूलही तरंगवजो म्हण तुह्या मायले. माह्यी कंबर वाकाची वाचंल."

पहिल्यांदा पाट डावीकडे पडला. मग उजवीकडे. तिसऱ्यांदा तो दोन क्षण उभा राहिला आणि शोभाबाईंच्या तांदळात येऊन लोळला. "माह्याकडेच काऊन येते रे हा?" त्या म्हणाल्या, आणि तिघी हसत सुटल्या.

हसता हसता सपनाच्या बोटांना काहीतरी आठवलं. डोक्याला नव्हे, बोटांनाच. तिनं सुतळी उचलली आणि बादलीत बुडवली.

"ओली कायले करते?" रुचिकानं विचारलं.

"माह्ये बाबा करत. ओली दोरी मऊ राह्यते, हाताले ऐकते." आणि ती गुणगुणू लागली, एक वरून, एक खालून. मधली दोरी तिनं सवयीनं दुहेरी घेतली. बाजेची दोरी कधी एकेरी असते का? कोपऱ्यांच्या चार दोऱ्या ताणल्या, गाठी मारल्या आणि हात काढून घेतला.

पाट उभा राहिला. हलला, डुलला, पण राहिला. खाली मोकळी हवा, वर पऱ्हाट्यांची चौकट, जणू कोणा अदृश्य पाहुण्यासाठी मांडलेली.

रुचिकानं त्यावर लिंबू ठेवलं. राहिलं. शोभाबाईंनी आपली तंबाखूची डबी ठेवली. तीही राहिली. "अबब," त्या म्हणाल्या, "पोरी, हे तुले शाळेत शिकवलं व्हय?"

"सायन्स हाय न, आजी!" रुचिकानं परस्पर उत्तर दिलं. सपना विळी उचलून आत गेली.

शनिवारी सकाळी ओढणीनं झाकलेला पाट दोघींनी दोन बाजूंनी धरून शाळेत नेला. रुचिकाच्या बाई, वर्षाली मॅडम, यांनी बाकं भिंतीला लावून मधे मोठी सतरंजी अंथरली होती. कोणी पाण्यात अंडं तरंगवत होतं, कोणी हेअर ड्रायरच्या वाऱ्यावर चेंडू. हार्डवेअरच्या दुकानाचे भैयाजी आपल्या सुरभीला घेऊन आले होते, आणि सोबत होता ऑनलाइन मागवलेला चकचकीत डबा. त्यात चुंबकं होती आणि त्यांच्यावर हवेत फिरणारी पेन्सिल.

"वहिनी, पऱ्हाट्या आणल्या का?" भैयाजी ओढणीखाली डोकावून म्हणाले. "सांगाचं होतं न! आमच्या वावरात लय पडून हायेत. ट्रॅक्टरनं पोचवल्या असत्या."

"असू द्या, भाऊजी. तुमच्या पेन्सिलीनं लिहिता येते का पण?"

आजूबाजूचे हसले. भैयाजीही हसले. सुरभी मात्र हसली नाही. ती रुचिकाच्याच बाकावर बसायची. परवाच्या विज्ञानाच्या चाचणीत तिला वीसपैकी पाच मार्क मिळाले होते आणि तेव्हापासून ती मान वर करून बोलत नव्हती. पेन्सिल तिच्या वडिलांनीच फिरवली, माहितीही त्यांनीच डब्यावरची वाचून दाखवली. ती नुसती डबा धरून उभी होती.

रुचिकाची पाळी आली. तिनं ओढणी काढली, जादूगारासारखे हात पसरले आणि लिंबू ठेवलं.

पाट मुरडला, एका अंगावर कलला आणि कोसळला. लिंबू घरंगळत भैयाजींच्या बुटाशी जाऊन थांबलं.

वर्ग खदखदला. रुचिका आईकडे वळली. "आई, काल तं उभा होता न! शप्पथ, मॅडम, काल उभा होता!"

सपनानं सुतळीला बोट लावलं. कोरडी. ढिली. काल ओलेपणी आखडून घट्ट बसलेली सुतळी रात्रभरात वाळली होती आणि सैल पडली होती. बाज विणणाऱ्याच्या लेकीनंच करावी अशी चूक! बाबा गिऱ्हाइकाला काय सांगायचे ते तिला आत्ता आठवलं: उद्या वाळली, की पायथ्याची दोरी तेवढी ताणून घेजा, आख्खी बाज ताठ होते. कालच्या आनंदात हे 'उद्या' ती विसरून गेली होती.

पायथ्याची दोरी. एकच दोरी ताणायची, सगळी बाज ताठ. मग इथली ती एक दोरी कोणती?

तिनं पाट पुन्हा उभा धरला आणि वाकून पाहिलं. मधली. आखूड, दुहेरी. सगळा पाट तिलाच तर लटकला होता.

"सुरभी बेटा," ती म्हणाली, कारण सगळ्यांत जवळ तीच उभी होती, "तो खराटा हाय न कोपऱ्यात, त्याची एक जाड काडी आणजो."

सुरभी पळत गेली, पळत आली. सपनानं काडी दुहेरी दोरीच्या मधे घातली. "आता तूच फिरव. रुचिका, तू वरून धर. हळू."

सुरभीनं काडी फिरवली. एक पीळ. दोन पीळ. दोरी आखूड होत गेली, वरचा पाट केसभर, मग बोटभर उचलला गेला, आणि कोपऱ्यांच्या चारही लोंबत्या दोऱ्या एकदम ताठ झाल्या, एकतारीच्या तारेसारख्या. सपनानं काडीचं टोक उभ्या पऱ्हाटीला अडकवून बांधलं.

"सोड हात, रुचिका."

रुचिकानं हात सोडला. पाट राहिला. लिंबू ठेवलं, राहिलं. भैयाजींनी खिशातून कुलूप काढून ठेवलं, तेही राहिलं. पोरं सतरंजीवर उड्या मारू लागली.

"पण हा राह्यते कसा?" वर्षाली मॅडमनी विचारलं. "रुचिकाच्या आई, सांगता का?"

सपनानं तोंड उघडलं, तोवर सुरभी बोलून गेली होती. हळू, पण मान वर करून. "मॅडम, मधली दोरी पाटाले वर ओढून धरते. कोपऱ्यातल्या चारही खाली ओढतात, म्हणून तो कोणत्या बाजूले पडत नाई. तरंगत नाई तो, मॅडम. लटकला हाय! फक्त दिसते तरंगल्यासारखा."

"वा!" मॅडम म्हणाल्या. "अगदी बरोबर. टाळ्या सुरभीसाठी!"

टाळ्या वाजल्या. भैयाजींनी इतक्या जोरात वाजवल्या, की खिडकीतली चिमणी उडाली. एकच मुलगी वाजवत नव्हती. आपला पाट, आपली आई, आणि टाळ्या भलतीलाच! रुचिकाचे गाल फुगले, डोळे बारीक झाले.

"हिले काय येते?" ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "पाच मार्क तं पडले. माह्या आईनं दाखवलं म्हणून बोलली. माही आई सायन्समधे पयली होती! ज्याले पाच मार्क पडते त्याले सायन्स कधीच येत नसते."

टाळ्या थांबल्या. सुरभीची मान पुन्हा खाली गेली, हातातली उरलेली सुतळी ती बोटाला गुंडाळू लागली. मॅडम काही बोलायला पुढे झाल्या.

सपनानं लेकीकडे पाहिलं. तेच डोळे, उजेडानं भरलेले. या उजेडासाठी दोन वर्षं ती गप्प राहिली होती, आणि आज तोच उजेड दुसऱ्या पोरीला पोळत होता. ती सतरंजीवर दोघींच्या मधे मांडी घालून बसली. एका हातानं रुचिकाला जवळ ओढलं, एका हातानं सुरभीला. आणि का कोण जाणे, तिला हसू आलं.

"रुचिका, इकडे पाह्य बेटा," ती म्हणाली. "मी पयली-बियली नव्हती. दहावीत सायन्समधे मी नापास झाली. शंभरात एकोणीस पडले मले. तू पयली म्हणे, ते मले गोड लागे, म्हणून दोन वर्सं तुले खरं सांगितलंच नाई."