भाषणातलं शेवटचं वाक्य

‘देव दुःख का देतो?’ या माझ्या भाषणाला शाळेत पहिला नंबर आला आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात प्रश्न विचारायलाही उभी राहायचे नाही. आता घरात भाषण ऐकायचं कोणी बाकी नव्हतं. आत्या मला ‘देवाची वकीलबाई’ म्हणायची. “फी तरी देतो का गं तो?”

आत्या कपडे शिवते. ती पडल्यावर हाताला घातलेलं प्लास्टर निघालं, पण उजवं कोपर वाकेचना. घास तोंडापर्यंत जाईना, मशीन गप्प. फिजिओथेरपीच्या मॅडम येऊन ते हळूहळू वाकवायच्या. नियम एकच: आत्याने डावा हात पलंगावर आपटला की तिथल्या तिथे थांबायचं.

एक दिवस मॅडमना जमणार नव्हतं. “मी करते की, रोज बघतेय,” मी म्हटलं. आत्याने बिनधास्त हात दिला. मी वाकवायला लागले आणि तोंडाची टकळीही सुरू झाली. “देव दुःख देतो, कारण त्याशिवाय माणूस घडत नाही...”

आत्याने हात आपटला.

मला ऐकू आलं. खरंच आलं. पण शेवटचं वाक्य राहिलं होतं, आणि तेच सगळ्यात भारी होतं. “...पण त्या दुःखाला मर्यादाही तोच घालतो.”

मग मी हात सोडला. आत्याचे ओठ पांढरेफटक. संध्याकाळी कोपर टम्म सुजलं.

“हे कशाने?” दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं.

“झोपेत अंगाखाली आला हात,” आत्या म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी दारात उभी. वक्तृत्वात पहिली म्हणे, आणि चार शब्द जुळेनात. “मी केलं,” शेवटी म्हटलं. “तिने हात आपटला होता. तरी.”

“सूज उतरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही,” मॅडम एवढंच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सूज उतरली. “या वकीलबाई,” आत्याने हाक मारली.

“मी नको.”

“मला माझ्या हाताने जेवायचंय. बस.”

बसले. तोंड बंद, नजर तिच्या चेहऱ्यावर. तिच्या कपाळावर आठी आली आणि मी थांबले.

“मी कुठे हात आपटला?”

“दुखतंय तुला.”

“दुखणारच. दुखल्याशिवाय वाकेल का ते? तू फक्त ऐक.”

भाषणात मी हेच तर म्हटलं होतं. पण दुखत होतं ते कोपर माझं नव्हतं.

मी वाकवलं. अगदी थोडं. कान पलंगाकडे ठेवून.